झाकणाच्या दुमडीतला गाजराचा कीस

मी एक जुना जेवणाचा डबा आहे. स्टीलचा, गोल, दोन तळहातांवर मावणारा. मला कडी नाही, फिरकी नाही. झाकण दाबून बसवायचे आणि काढताना एखादे नख मोडून घ्यायचे, असा माझा खाक्या. त्या झाकणाला खिळ्याने पाडलेली भोके आहेत. त्यामुळे मला पाहून काही जण "अरेरे" म्हणतात आणि काही जण "ही गाळणी कितीला घेतली?" असे विचारतात.

मित्रांनो, मी गाळणी नाही. माझ्या पोटात एक असा पाहुणा राहून गेला आहे, की तसा चांदीच्या ताटालाही मिळायचा नाही. आता मी जरा ऐट करतो, हे मला कळते. पण जुन्या भांड्याने ऐट करायची नाही, तर काय फक्त पोचे मोजत बसायचे?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी आधी पत्र्याची सपाट चकती होतो. यंत्राने माझ्यावर असा दणका दिला, की मला पोटच आले. मग झाकण तयार झाले. मुलांची बोटे कापू नयेत म्हणून एका कारागिराने झाकणाचा काठ आतल्या बाजूला वळवून दुमडला. ही दुमड चांगल्या हेतूने केलेली होती, पण तिच्यात अन्नाचे कण जाऊन बसत आणि निघता निघत नसत. पुढे सगळे रामायण या दुमडीनेच घडवले, म्हणून तिची ओळख आधीच करून देतो.

एका घड्याळजींनी मला त्यांच्या मुलीसाठी विकत घेतले. त्यांना घरात सगळे आप्पा म्हणत आणि मुलीला बेबी. बेबीची आई रुग्णालयात परिचारिका होती. तिची कामाची पाळी भल्या पहाटे सुरू व्हायची, त्यामुळे डबा हे खाते आपोआप आप्पांकडे आले. आप्पा घड्याळे जितक्या बारकाईने उघडत, तितक्याच बारकाईने मला भरत. पोळ्या दुमडून एका बाजूला, भाजी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मिठाची पुडी. संध्याकाळी मी रिकामा घरी आलो की त्यांचा चेहरा खुलायचा. मात्र रिकामा डबा रिकामाच ठेवणे त्यांच्या जिवावर यायचे. मला धुऊन पालथा घालताना ते पुटपुटत, "सकाळपर्यंतच हं!" दुमडीत अडकलेले कण काढायला ते घड्याळाचा बारीक चिमटा वापरत आणि डोळ्याला भिंग लावत. एवढे लाड कोणत्या डब्याचे झाले असतील?

वर्षे गेली. बेबी मोठी झाली. मग रंगीत, कप्प्यांचा, झाकणावर फुले असलेला एक प्लॅस्टिकचा डबा घरात आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यात बटणे ठेवली गेली. बटणांशी काय बोलणार? त्यांना भोकांपलीकडे विषय नव्हता. त्याच काळात बेबीची आई गेली. त्या दिवसांत खाली स्वयंपाकघरात फार शांतता असायची, आणि मला माळ्यावर पडून राहण्याचे पहिल्यांदाच वाईट वाटले. आप्पा एकटेच डबा भरत असतील आणि त्यांच्याशी बोलायला कोणी नसेल, असे सारखे मनात येई.

पण नव्याचे नऊ दिवस! त्या फुलवाल्या डब्याचे झाकण तडकले आणि आप्पांनी मला खाली काढले. "जुनं ते सोनं," ते बेबीला म्हणाले.

"स्टील आहे ते, आप्पा," बेबी म्हणाली.

बेबी आता एका संशोधन संस्थेत काम करत होती. तिथे तिला सगळे मॅडम म्हणत. तिचा विषय गांडुळे. शेजारीपाजारी तिच्या पाठीमागे हसत, पण तिला त्याचे काही नव्हते. ती म्हणायची, "हसा. तुमच्या ताटातलं अन्न ज्या मातीत उगवतं, ती माती त्यांच्या पोटातून येते."

एकदा ती गांडुळे गोळा करायला शहराबाहेर गेली होती. सगळ्या डब्या साध्या गांडुळांनी भरल्या आणि गाडीतून पुढे रवाना झाल्या. बेबी जेवायला म्हणून पाण्याच्या एका उंच टाकीखाली थांबली. टाकी वर्षानुवर्षे गळत होती आणि खाली ओल्या मातीचा पट्टा तयार झाला होता. गळणाऱ्या धारेखाली तिने हात धुतले आणि ती एकदम ओरडली. मला वाटले, विंचू चावला!

मातीत एक गांडूळ होते. शाईसारखे निळे, आणि गळ्याशी पिवळसर पट्टा. ही जात फार पूर्वी एकदाच कोणाला तरी सापडली होती. ते एकुलते एक गांडूळ संस्थेत औषधाच्या बरणीत होते, रंग उडालेले, सुतळीच्या तुकड्यासारखे. त्यानंतर कोणाला ते दिसलेच नाही. आणि आता ते बेबीच्या पायाशी जिवंत वळवळत होते, आणि ते ठेवायला जवळ एक डबी नव्हती.

बेबीने माझ्याकडे पाहिले. माझ्यातले जेवण तिने उभ्या उभ्या संपवले, मला त्याच धारेखाली खसाखसा धुतले, टाकीच्या राखणदाराकडून खिळा मागून घेतला आणि दगडाने माझ्या झाकणाला भोके पाडली. दुखले? हो, दुखले. पण मग तिने माझ्यात ओली माती भरली आणि तो निळा जीव अलगद माझ्या पोटात सोडला. तो हळूच हलला. पोटात इतकी वर्षे पोळ्याच ठेवलेल्या मला गुदगुल्या झाल्या.

संध्याकाळी घरी आप्पांनी मला हातात घेतले आणि कपाळावर हात मारला. "अगं बेबी, चांगल्या डब्याला भोकं? आता पातळ भाजी कशात नेणार?"

"आप्पा, आत बघा."

आप्पांनी भिंग लावून आत पाहिले. मग म्हणाले, "हा राहणार का आपल्याकडे?"

"रात्रीचाच. संस्थेत दार बंद झालं की खोली तापते, आणि शीतपेटीत तो गारठेल. आपली मोरीची फरशी त्याला बरी."

"बरं झालं. पाहुणा आला," आप्पा म्हणाले. त्या दिवसापासून गांडुळाचे नाव पाहुणा पडले.

आता बेबीला काय करायचे होते, ते तिने आप्पांना जसे समजावले तसेच तुम्हाला सांगतो. ती म्हणाली, "प्रत्येक जिवाच्या अंगात एक लांबच लांब मजकूर असतो. चारच अक्षरांत लिहिलेला. हा जीव कसा घडायचा, ते सगळं त्यात असतं. त्याला जीनोम म्हणतात. आमचं यंत्र तो तुकड्यातुकड्यांनी वाचतं. समजा, कोणी तुमचं वर्तमानपत्र टराटरा फाडलं..."

"कोणी फाडलं?"

"समजा हो! मग तुकड्यांच्या कडा जुळवून तुम्ही पान पुन्हा लावाल की नाही? तसं आम्ही लावतो. पाहुण्याचं पान आजवर कोणी वाचलेलं नाही."

"आणि त्यासाठी त्याला मारायचं?" आप्पांचा आवाज उतरला.

"नाही. शेपटीचं एवढंसं टोक पुरतं. ते कापलं तरी तो जगतो, जखम भरून येते."

मित्रांनो, गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे नाही. पण शेपटीचे टोक गेले तर डोक्याकडचे अंग सहसा तग धरते. आमच्या पाहुण्यालाही तेवढेच द्यायचे होते. अट एकच होती. टोक कापण्याआधी त्याचे पोट रिकामे हवे. गांडुळाचे पोट अगदी शेपटीपर्यंत गेलेले असते, आणि त्यात माती, पाने, जंतू असे सगळे भरलेले असते. तसेच कापले तर यंत्र गांडुळाबरोबर तेही वाचून काढते. म्हणून बेबीने माती काढून टाकली, मला स्वच्छ धुतले, आत ओला टीपकागद अंथरला आणि पाहुण्याला काही दिवस उपाशी ठेवले.

मी उपाशी डबा झालो! आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला मुद्दाम रिकामा ठेवला होता.

बेबीच्या साहेबांबद्दल सांगायला हवे. त्यांना संस्थेत बरणीसाहेब म्हणत, कारण दिसला प्राणी की घाल बरणीत, हा त्यांचा नेम होता. माणूस वाईट नव्हता. मला न्याहाळून ते म्हणाले, "बाई, जगातलं हे एकच जिवंत गांडूळ आपल्याला ठाऊक आहे आणि तुम्ही ते जेवणाच्या डब्यातून घरी नेता? ते मेलं तर? वाळून गेलं तर? मग ना मजकूर, ना बरणी."

"सर, बरणीत एक आहेच की. औषधात त्याचा मजकूर कधीच कुसकरून गेला. मला हे मातीत परत सोडायचंय."

"मग एकदाच संधी देतो. शेपटीवर काम झालं तर उत्तम. नाही झालं, तर मी अख्खं गांडूळ घेणार."

टोक कापले गेले. पाहुणा थोडा आखडला, मग सावकाश हलू लागला. ते टोक गेले यंत्र चालवणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळे मशीनताई म्हणत. त्या यंत्रासमोर सगळ्या विभागांची रांग असायची, आणि रांगेतली भांडणे सोडवता सोडवता मशीनताईंच्या नाकी नऊ यायचे. काही दिवसांनी त्या स्वतःच कागद घेऊन बेबीच्या टेबलाशी आल्या. चेहरा गंभीर होता, पण ओठांचे कोपरे थरथरत होते.

"तुझं गांडूळ वाचलं गं."

"मग?"

"ते गाजर आहे."

बेबीला वाटले, चेष्टा आहे. पण कागदावर तसेच होते. निम्म्याहून जास्त मजकूर गाजराचा, बाकी बराचसा जंतूंचा. ते सगळे वगळल्यावर गांडुळाचे तुकडे इतके तुटपुंजे उरले, की एकाची कड दुसऱ्याला जुळेना. तेवढ्यात बरणीसाहेब आले, त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "अभिनंदन, बाई. निळं गाजर सापडलं म्हणायचं."

सगळे हसले. बेबी हसली नाही, कारण साहेबांनी कपाटातून एक नवी बरणी काढून टेबलावर ठेवली होती.

संध्याकाळी घरी बेबीने मला मोरीच्या फरशीवर ठेवले आणि तिथेच बसून राहिली. "कळतच नाही, आप्पा. दिवस दिवस उपाशी ठेवला त्याला. त्याच्या पोटात गाजर आलं कुठून?"

आप्पा दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"किसून घातलं होतं," ते म्हणाले. "तुकडा नव्हता घातला."

बेबीने मान वर केली.

"रोज संध्याकाळी अगदी चिमूटभर," आप्पा घाईघाईने म्हणाले. "अगं, झाकण उघडून बघितलं तर आत कोरा कागद. या डब्यात कोणी उपाशी बसलंय, हे मला बघवेना. इतकी वर्षं मी तो भरला..."

"आप्पा! उपाशीच ठेवायचं होतं त्याला!"

"तू मला मजकुराचं सांगितलंस, वर्तमानपत्राचं सांगितलंस. उपासाचं नाही सांगितलंस. मला वाटलं, कामाच्या गडबडीत विसरतेस. तू स्वतःचं जेवण विसरतेस, त्याचं कुठलं लक्षात ठेवणार?"

हे मात्र खरे होते. मग बेबीने नव्या बरणीची गोष्ट सांगितली आणि आप्पांच्या तोंडचे पाणी पळाले. ज्याला प्रेमाने खाऊ घातले, तो त्या खाण्यानेच मरणार! ते पाट ओढून पाहुण्याशेजारी बसले. मला त्या वेळी इतके वाईट वाटले, की विचारू नका. बेबी रागावलेली होती, पण तिने वडिलांचा चेहरा पाहिला आणि तिचा राग विरघळला. ती त्यांच्याजवळ सरकून बसली.

"उद्या सरांकडे जाते. आणखी एकदा मागून बघते."

दुसऱ्या दिवशी ती बरणीसाहेबांना सगळे खरे सांगून बसली. साहेब ऐकता ऐकता खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. वळून परत आले तेव्हा त्यांनी चेहरा कडक केला होता. "जखम भरू दे. पुढच्या पाळीला पुन्हा टोक घ्या. पण आधी त्यात गाजर आहे का, तेवढी चाचणी करायची. गाजराचा मागमूस जरी निघाला, तरी त्याच दिवशी गांडूळ माझं. यंत्राची त्यापुढची पाळी वर्षभर नाही."

पाहुण्याला पुन्हा माती मिळाली, त्याची जखम भरली. मग दुसरा उपास सुरू झाला, आणि या वेळी पहारेकरी झाले आप्पा. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, असे बेबी हसत म्हणाली. आप्पांनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. गांडूळ आपलीच विष्ठा पुन्हा खाते, म्हणून ते सारखा कागद बदलत. आणि जेवायच्या वेळी ते ताट घेऊन गॅलरीत जात.

"इथंच बसा ना, आप्पा. त्याला डोळे नसतात."

"वास तर येत असेल?" आप्पा म्हणाले आणि गॅलरीचे दार ओढून घेतले.

उपास संपत आला होता. यंत्राची पाळी दुसऱ्या दिवशी होती. आप्पांनी कागद बदलायला माझे झाकण उचलले, आणि पाहुणा कागदावर नव्हता. तो झाकणाला आतून चिकटलेला होता, आणि त्याचे तोंड नेमके दुमडीत खुपसलेले होते.

"बेबी!" आप्पा ओरडले. "अगं धाव! हा चोरून खातोय!"

आप्पांनी भिंग लावले. दुमडीत केशरी रंगाचा एक तंतू होता. जुना, वाळलेला, माझ्या त्या मेल्या दुमडीने इतक्या धुण्यांतूनही जपून ठेवलेला. गाजराचा कीस. तुम्हाला सांगतो, मला लाजेने वितळून पुन्हा चकती व्हावेसे वाटले.

त्यांनी घड्याळाचा चिमटा आणला, झाकण मांडीवर घेतले आणि घड्याळ दुरुस्त करावे तसे काम सुरू केले. इतक्या वर्षांची सवय ती! झाकण गोल फिरवत त्यांनी सगळी दुमड तसूतसू साफ केली. नंतर उकळते पाणी, नंतर ब्रश, पुन्हा भिंग. त्या दुमडीतून जे जे निघाले, ते मी इथे सांगत नाही. काही गोष्टी बेबीच्या शाळेच्या वेळच्या होत्या.

पण पाहुण्याच्या पोटात गेलेल्या किसाचे काय? उपास पुन्हा पहिल्यापासून धरायला हवा होता आणि पाळी तर उद्यावर आलेली. बेबीने मशीनताईंना फोन लावला.

"पाळी पुढे सरकेल का गं? चारच दिवस."

"का? आता काय, मुळा खाल्ला?"

बेबीने सांगितले. पलीकडे बराच वेळ नुसते हसू ऐकू येत होते. "थांब," मशीनताई शेवटी म्हणाल्या. "ते मक्यावर काम करणारे रांगेत तुझ्या मागेच आहेत, आणि रोज माझं डोकं खातात. त्यांना पुढे घेते. पण मी तुझ्या वडिलांना एकदा भेटणार आहे."

चार दिवस आमच्या घरात कोणी गाजराचे नावसुद्धा काढले नाही. मग टोक कापले गेले आणि चाचणी झाली. आप्पा त्या दिवशी संस्थेत आले होते. मला मांडीवर घेऊन ते बाकावर बसले होते. माझ्यात पाहुणा होता, आणि समोरच्या टेबलावर ती नवी बरणी होती. मित्रांनो, सुटका झाली की तुम्ही म्हणता, जीव भांड्यात पडला. माझ्यात तर जीव आधीपासूनच होता. तो भांड्यातच राहू दे, एवढेच मी मागत होतो.

बरणीसाहेब कागद घेऊन बाहेर आले. त्यांनी तो एकदा वाचला, दोनदा वाचला.

"गाजर नाही," ते म्हणाले. मग टेबलावरची बरणी उचलून त्यांनी स्वतःच कपाटात ठेवली आणि आप्पांना म्हणाले, "काका, चहा घेणार? सोबत काही खायला सांगू नका म्हणजे झालं."

आप्पा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते माझ्याच झाकणामागे लपवले.

यंत्राने टोक वाचले. कडा जुळू लागल्या. बेबी आणि मशीनताई कित्येक आठवडे संगणकासमोर बसल्या, आणि एक दिवस पाहुण्याचे पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात बेबी होती, साहेब होते, यंत्र होते. माझा फक्त काठ आला होता. तोही बरा आला होता. टाकीवाल्यांना कळले, की त्यांच्या गळतीखाली एक दुर्मीळ जात राहते. इतकी वर्षे त्यांनी ती गळती आळसाने ठेवली होती. आता तिथे पाटी लागली: "ही गळती दुरुस्त करू नये." आळसाचा एवढा सन्मान मी कुठे पाहिला नाही.

मग पाहुण्याला पोहोचवायला आम्ही तिघे टाकीखाली गेलो. बेबीने ओल्या मातीत खळगा केला आणि मला आडवे धरले. पाहुणा निघेना. तो माझ्या तळाशी वेटोळे करून बसला होता. मलाही त्याने जावे असे वाटत नव्हते, पण आपल्या पोटात असलेले सगळे आपले नसते, हे डब्याइतके कोणाला कळते? मी शक्य तेवढा कललो. तो सावकाश घसरला, मातीला टेकला आणि बघता बघता आत गेला. बुटकी शेपटी सगळ्यात शेवटी दिसेनाशी झाली.

बेबी माझे झाकण धुवायला धारेकडे वळली. आप्पांनी इकडेतिकडे पाहिले, खिशातून एक पुडी काढली आणि खळग्याशी वाकले.

"आप्पा," बेबी न वळताच म्हणाली, "किसलेलं आहे ना?"

"मग! तुकडा कसा घालीन?"

मित्रांनो, आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. पातळ भाजी माझ्यात राहत नाही, पण पोळ्या राहतात, आणि आप्पा अजून मला रोज भरतात. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. जे जगात थोडेच उरले आहे, त्याच्याकडून घ्यायचेच असेल तर शेपटीच्या टोकाएवढे घ्या आणि त्याला त्याच्या मातीत नेऊन सोडा. ज्याच्यावर माया कराल, त्याला काय हवे आणि काय नको, ते आधी विचारून घ्या. आणि संध्याकाळी शाळेतून घरी गेलात की तुमच्या डब्याचे झाकण उलटे करून बघा. त्या दुमडीत काहीतरी नक्की अडकलेले असेल. तेवढे काढा, बरे वाटते आम्हाला.